रक्तपिपासूचा घास

निर्दय सावकाराला ‘रक्तपिपासू’ म्हणून आपण मोकळे होतो. व्हॅम्पायर वटवाघळाला मात्र हे विशेषण अक्षरशः लागू पडते. त्याच्या तिन्ही जाती अमेरिका खंडांतच आढळतात. त्यांपैकी मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेल्या जातीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. मुठीत मावेल एवढा हा जीव रात्री गुरांच्या कातडीला बारीकशी जखम करतो आणि वाहणारे रक्त जिभेने चाटतो. लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही, तर तो भुकेने मरतो.

रिकाम्या पोटी परतलेल्या मादीला ढोलीतली सोबतीण आपल्या पोटातले रक्त तोंडावाटे काढून भरवते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकातील आपली ही निरीक्षणे १९८४ साली प्रसिद्ध केली. पुढे जेराल्ड कार्टर यांच्यासह केलेल्या २०१३ च्या अभ्यासात असे दिसले, की कोण कोणास भरवील हे नात्यापेक्षा पूर्वी मिळालेल्या मदतीवरून अधिक कळते. २०२० च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली : अनोळखी वटवाघळे आधी एकमेकांचे अंग चाटून साफ करतात, भरवणे मागाहून येते.

मग परतफेडीवर टिकणाऱ्या मदतीला चांगुलपणा म्हणावे काय? वटवाघळाच्या अंतरंगाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण सावडीने भात लावणारा शेतकरीही कोण आपल्या शेतावर आले, हे लक्षात ठेवतो. तेवढ्याने त्याची माणुसकी खोटी ठरत नाही. उद्या आपणही उपाशी असू शकू, ही जाणीव दयेला उणेपणा आणणारी नव्हे. तीच बहुधा दयेची पहिली पायरी असावी.

या वटवाघळांमुळे गुरांत रेबीज पसरतो, हेही खरे. त्यावर एक जुना उपाय असा : एक वटवाघूळ पकडायचे, त्याच्या पाठीला रक्त गोठू न देणारे विषारी मलम फासायचे आणि त्याला सोडून द्यायचे. सोबती त्याचे अंग चाटतात आणि रक्तस्रावाने मरतात. त्यांना मृत्यू येतो तो क्रौर्यामुळे नव्हे, तर एकमेकांची निगा राखण्याच्या सवयीमुळे.

ज्याची गाय मेली, त्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु गुरांना रेबीजची लस टोचता येते. ती हाताशी असता दुसऱ्याच्या मायेचाच सापळा करणे आम्हांस उचित वाटत नाही. आणि सावकाराला रक्तपिपासू म्हणताना यापुढे आमची जीभ थोडी अडखळेल. तो आपल्या पोटातला घास कोणास देतो?