मुकाट बसलेल्या मुलाचा वांटा

परकी भाषा शिकविणाऱ्या वर्गांत एखादें मूल मुकाट बसलें म्हणजे दोष कोणाचा मानावा? गुरुजी म्हणतात, मुलास गोडी नाहीं. आईबाप म्हणतात, गुरुजींस कळकळ नाहीं. इ.स. २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवूं लागले, तेव्हांपासून हा वाद गांवोगांवच्या ओट्यांवर येऊन बसला आहे.

विद्वानांनीं याचा शोध प्रत्यक्ष वर्गांत बसून केला आहे. दक्षिण कोरिया देशांत इंग्रजीचे २७ शिक्षक व १,३०० हून अधिक विद्यार्थी यांची पाहणी झाली. तिचा वृत्तांत इ.स. २००८ सालीं छापला गेला. जेथें शिक्षक मुलांस हुरूप येईल अशा रीतीनें शिकवीत, तेथें मुलेंहि अधिक लक्ष देत व आपण होऊन पुढें येत, असें तींत दिसून आलें. एवढ्यावरून गुरुजींस दोषी ठरवून मोकळें व्हावें असें कोणास वाटेल. परंतु इतक्यांत निकाल देणें बरें नव्हे. चुणचुणीत वर्ग मिळाला म्हणजे थकल्या शिक्षकासहि स्फुरण चढतें, हें कोण नाकारील?

अमेरिकेंत एलन स्किनर व मायकेल बेलमाँट यांनीं तिसरी ते पांचवीचीं १४४ मुलें व त्यांचे १४ शिक्षक यांजविषयीं केलेला अभ्यास इ.स. १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. तो भाषेच्या तासापुरता नव्हता, तरी आमच्या प्रश्नाच्या गाभ्यास भिडतो. शिक्षकाच्या आपुलकीनें मूल अभ्यासांत रमतें, हें तर आढळलेंच. पण जें मूल आधींच रमलेलें, त्याच्याकडे ती आपुलकी अधिक वळते, आणि जें मागें राहिलें त्याच्या वांट्यास ती कमी येते. म्हणजे ज्याची भूक मोठी, त्याच्याच पानावर कमी वाढलें जातें! येथें प्रश्न केवळ शिकविण्याचा न राहतां न्यायाचा होतो.

परक्या भाषेंत हा अन्याय अधिक जाचतो. घरीं आजोबांशीं बैलाच्या किंमतीवरून हुज्जत घालणारी मुलगी इंग्रजीच्या तासास दोन वर्षांच्या लेंकरासारखी होऊन जाते. तिचें मौन आळसाचें नसून बहुधा लाजेचें असतें; चुकलें तर सारा वर्ग हंसेल, हें तिला पक्कें ठाऊक. मग पहिलें पाऊल कोणीं टाकावें? माझ्या मतें शिक्षकानेंच. तो मोठा म्हणून नव्हे, तर त्या खोलींत चुकण्याचें भय त्यास कमी म्हणून.

कोणी विचारील, उत्साह का हुकुमानें येतो? त्याचें सोंग आणणें प्रामाणिकपणाचें होईल काय? सोंग नकोच. हातवारे व मोठा आवाज म्हणजे कळकळ नव्हे. मेरी बड रो या बाईंनीं अमेरिकेंतील विज्ञानाचे वर्ग तपासून इ.स. १९७४ सालीं लिहिलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांचीं उत्तरें लांबतात व उत्तरावांचून जाणारे प्रश्न घटतात. दोन सेकंद अधिक! त्यास ना पगारवाढ लागत, ना उत्तम उच्चार.

तरीहि हें थांबणें सर्वांस सोपें नाहीं. ज्या गुरुजींस स्वतःसच इंग्रजी बोलण्याचा धीर नाहीं, ते पुस्तकामागें तोंड लपवून धडा वाचून टाकतात. त्यांनीं एखाद्या दिवशीं अवघड शब्द फळ्यावर लिहून, “हा मलाहि अडतो, आपण मिळून कोशांत पाहूं,” असें म्हटलें, तर कोश आणावयास धांवणाऱ्यांत शेवटच्या रांगेंतील ती मुलगीहि असूं शकेल.