बॉनेटखालचा धर्म

कुरकुरणाऱ्या गाडीचे बॉनेट उघडले, की आसपासच्या यच्चयावत पुरुषमंडळींना ज्ञानप्राप्ती होते. ज्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही, तोही इंजिनात डोके घालून "हं, वाटलंच मला" असे म्हणतो. नेमके काय वाटले, हे मात्र कोणी विचारायचे नसते.

आमचे मेहुणे नारायणगावाहून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो वाहून नेतात. त्यांची डिझेलची पिकअप गेल्या वर्षी फुसफुसू लागली. उभी असताना शहाण्या मुलासारखी गप्प. पण माल भरून चढाला लागली, की बॉनेटखालून नागाने फणा काढावा तसा 'फुस्स्' आवाज, मागून काळा धूर आणि पुढे सरकायचे नाव नाही. मेहुण्यांच्याच भाषेत सांगायचे, तर पिकअपचा पिकअप गेला! जमलेल्या तज्ज्ञांनी रेडिएटरपासून शेजाऱ्याच्या दृष्टीपर्यंत सगळी कारणे सुचवली. एका गॅरेजने तर निकालच दिला, "टर्बो गेला. नवा टाका." नव्या टर्बोचा आकडा पाच अंकी होता. तो ऐकून मेहुण्यांच्या तोंडूनही तसाच आवाज निघाला.

मग एक मिस्त्री भेटले. त्यांनी आधी काही उघडलेच नाही, नुसते विचारले, "आवाज उभ्या गाडीत येतो, का ओझं ओढताना?" ओढताना. "मग हवा गळतेय." इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरते आणि ते हवा दाबून, इंटरकूलरमधून थंड करून, इंजिनात ढकलते. ओझे वाढले, की दाब वाढतो. वाटेत कुठे भोक असेल तर हवा तिथून पळ काढते. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, म्हणून काळा धूर. मिस्त्रींनी हवेच्या वाटेचे तोंड बंद करून कॉम्प्रेसरची बेताची हवा आत सोडली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले. इंटरकूलरच्या रबरी नळीवर, क्लिपच्या कडेला, बुडबुडे आले. नळी चिरली होती. नवी नळी, नवी क्लिप. काही शे रुपयांत नागोबा वारुळात गेला.

गाडीची फुसफुस थांबली आणि माझ्या डोक्यात सुरू झाली. 'टर्बो गेला' असे याही मिस्त्रींनी म्हटले असते, तर? आम्ही मुकाट्याने पैसे मोजले असते, वर चहा पाजला असता.

मी कॉमर्सचा पदवीधर. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारातून चांगला मालच हळूहळू उठून जातो, असे त्यांचे म्हणणे. त्यांना 2001 साली नोबेल मिळाले, तेही आणखी दोघांबरोबर. अमेरिकेत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, म्हणून त्या निबंधाच्या नावातही लिंबू आहे. आपण लिंबू गाडीच्या पुढे टांगतो, तिकडे ते आत निघते, एवढाच फरक!

कॉमर्सवाले म्हणतील, मिस्त्री खरे बोलले ते गिऱ्हाईक टिकावे म्हणून. पण हा हिशेब जुळत नाही. टर्बोबरोबर नळीही बदलली असती, आवाज थांबलाच असता आणि मेहुणे मिस्त्रींचे गुण गात पुन्हा तिथेच गेले असते. म्हणजे नाव तेवढेच आणि नफा जास्त. तरी त्यांनी तो सोडला. हा फरक कोणत्या खात्यात टाकायचा?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाला मारून राज्यच बळकावतो. कोणी पाहत नसेल तर माणूस नीट वागेल का, हा तिथला प्रश्न. आमच्या बँकेत अंगठीची सोयच नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, तिसऱ्याने तपासायची. शिवाय डोक्यावर कॅमेरा. वीस वर्षांत मी एका पैशाची अफरातफर केली नाही, हे छाती पुढे काढून सांगतो खरा. पण ती पिंजऱ्यातल्या वाघाची अहिंसा! मिस्त्रींच्या बोटात मात्र अंगठी आहे. बॉनेटखाली ते काय करतात ते आपण डोळे फाडून पाहतो, पण आपल्याला दिसत काहीच नाही.

न राहवून मी त्यांना विचारलेच. ते हात पुसत म्हणाले, "साहेब, आवाज कुठून येतोय ते मी ऐकलं. आता ऐकलं नाही, असं कानाला कसं सांगू?"

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. कारण एकट्या माणसावर विश्वास टाकायची बँकेची पद्धत नाही. मिस्त्रींसारख्यांच्या आत बहुधा दुसरा माणूस बसलेला असतो. त्याची सही झाल्याशिवाय पहिल्याचा हात चालत नाही. जग चालते आहे ते आमच्या ऑडिटवर थोडे आणि या बिनपगारी दुसऱ्या माणसावर फार.

मेहुण्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडीला नवे लिंबू-मिरची बांधले. गाडी सुधारल्याचे सगळे श्रेय ते लिंबाला देतात. मिस्त्रींची त्यालाही काही हरकत नाही.