येरवडा दोन

सोलापूरच्या साडूंना पुणं दाखवायला निघालो होतो. येरवड्याला उतरून रमतगमत आगाखान पॅलेस गाठायचा, असा बेत. कंडक्टरला म्हटलं, "येरवडा दोन." शेजारचे गृहस्थ गालातल्या गालात हसले. पुण्यात हे चालायचंच!

बंडगार्डनच्या पुलावर साडू म्हणाले, "आमचे आजोबा १९४२ साली येरवड्यालाच होते." आणि मग सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "तुरुंगात हो, तुरुंगात!"

येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. पहिल्यात राहून आलेल्या आजोबांचा फोटो दिवाणखान्यात. दुसऱ्यात सहा महिने काढलेला आमचा काका मात्र तेव्हा 'इंदूरला, नोकरीनिमित्त' होता. आई त्याला डबा घेऊन जायची, तीसुद्धा 'देवळात' म्हणून. बरा होऊन आल्यावर लोकांनी त्याला इंदूरचा सराफा कसा आहे, ते विचारलं. बिचाऱ्यानं सांगितलंही, जिलेबीसकट!

मनाचं दुखणं विम्यासाठी शरीराच्या दुखण्यासारखंच धरा, असं २०१७ चा कायदा सांगतो. विमा कंपन्यांना हो. नातेवाइकांना कोण सांगणार?

"तुमच्याकडचं कोणी होतं का येरवड्याला?" साडूंनी विचारलं.

"काका होता."

"अरे वा! तुरुंगात?"

इंदूर अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही. दवाखान्यात."

साडू खिडकीबाहेर बघू लागले. जरा वेळानं म्हणाले, "पॅलेसला तिकीट किती असतं हो?"