पाऊण भरलेला डबा



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला सतरावा. भगवंत सांगतात, आहार, विहार, कामातली धडपड, झोप आणि जाग हे सगळं ज्याचं मापात आहे, त्याचा योग दुःख घालवतो. त्याच्या आधीच्या श्लोकात याचीच उलट बाजू आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. खूप झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. यातलं 'खाणाऱ्याला' आणि 'झोपणाऱ्याला' आपल्याला नेमकं लक्षात राहतं. उरलेलं अर्धं आपण स्क्रोल करून पुढे जातो.

आता थोडं दगडांबद्दल. माझ्या बाल्कनीत एक टम्बलर चालू असतो. (शेजारच्या काकूंना अजूनही वाटतं ते वॉशिंग मशीन आहे.) आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांमध्ये पुढे सिलिका साचत गेली आणि अकीक तयार झाला. भोवतालचा खडक झिजला की या गारगोट्या नदीकाठी, शेतात मोकळ्या सापडतात. बाहेरून अगदी कळकट! त्या आडव्या रबरी डब्यात घालायच्या, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड टाकायची आणि मोटर हळूहळू फिरू द्यायची. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिश. एकेका टप्प्याला साधारण आठवडा. खंभातचे कारागीर पूर्वी अकिकाचे मणी कातडी पिशवीत घालून हातानेच पुढे-मागे लोळवत, तेही दिवसेंदिवस.

यावरचा दृष्टान्त तुम्ही ऐकलाच असेल: 'देव आपल्याला दुःखात घोळवतो, म्हणून चकाकी येते.' माझा एक मित्र आहे, नोकरी गेली त्याची. तेव्हापासून पहाटे तीनला उठतो, एक वेळ खातो, रात्री बारापर्यंत जप. त्याला कुणीतरी हेच सांगितलंय, की तुझं पॉलिशिंग चाललंय, सहन कर. मला हा दृष्टान्त पटत नाही. सांगणाऱ्याने टम्बलर चालवलेला नाही, हे उघड आहे.

भेग पडलेला दगड डब्यात चमकत नाही, फुटतो. वर त्याच्या कपच्या बाकीच्यांना ओरखडे काढतात. म्हणून आधी प्रत्येक दगड उजेडात धरून बघायचा असतो. कॅल्साइटचा काठिण्यांक ३, अकिकाचा साडेसहा-सात. दोन्ही एकत्र घातले, तर अकीक गुळगुळीत होईपर्यंत कॅल्साइट झिजून संपलेलं असतं. आणि डबा किती भरायचा? दोन तृतीयांश ते पाऊण. कमी भरला तर दगड उंचावरून आदळतात, टवके उडतात. गच्च भरला तर हलतच नाहीत. दगड एकमेकांवरून घसरायला हवेत, आदळायला नकोत. माझ्यासाठी 'युक्त' म्हणजे हे.

टप्पा बदलताना मशीन बंद करून सगळं धुवावं लागतं. जाड पुडीचा एक कण राहिला तरी पॉलिशच्या वेळी ओरखडा उठतो. झोपेकडे मी असं बघतो. दिवसाची जाड पूड धुतली जाते ती झोपेतच. भगवंतांनी ती साधनेच्या यादीत घातली आहे, सुट्टीच्या नाही.

'पण मग तपश्चर्येचं काय?' हो, अभ्यास आणि वैराग्य पुढे याच अध्यायात येतं, तेही अर्जुन मन आवरत नाही म्हणतो तेव्हा. पण त्यानंतर तो आणखी एक विचारतो, आणि मला तो प्रश्न जास्त जवळचा वाटतो: प्रयत्न अर्धवट राहिला तर मी फाटलेल्या ढगासारखा विरून जाईन का? यावर श्रीकृष्ण त्याला आणखी घासत नाहीत. 'तात' अशी हाक मारतात, बापाने लेकराला मारावी तशी, आणि सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही.

मित्राला मी एवढंच म्हटलं, "अरे, माळ एकच कर, पण आज रात्री सात तास झोप." तो चिडला. रविवारी जेवायला मात्र येतोय, दोन्ही वेळ. आईने वरणभात, भाजी आणि शिरा ठरवलाय.

उद्या श्लोक अठरावा. राम कृष्ण हरी!