चार ओंजळींचे वजन

रमजान ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायच्या दानाचे, म्हणजे फित्र्याचे, प्रमाण हदीसमध्ये मापाने सांगितले आहे, वजनाने नाही. माणशी एक साअ खजूर किंवा एक साअ जव. साअ म्हणजे चार मुद आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ, असा खुलासा धर्मशास्त्री करतात. आज मात्र फित्र्याचा आकडा बहुधा किलोत सांगितला जातो. मापाचे वजन करायचे तर मध्ये घनता येते, आणि धान्याधान्याची घनता वेगळी. साअ तीन लिटरचा धरला, तर त्यात गहू सव्वादोन किलोच्या आसपास बसतो, जव दोन किलोच्याही खाली राहतो. मग कर्तव्य कोणते, भांडे भरण्याचे की काटा ठरल्या आकड्यावर आणण्याचे? माझ्या मते भांडे भरण्याचे. किलो त्या भांड्याची साक्ष देऊ शकतो, पण त्याच्या जागी बसू शकत नाही.

ही अडचण किलोबरोबर आली असे मानायचे कारण नाही. तेराव्या शतकातले शाफई पंथाचे इमाम नववी यांनी ती नेमकी पकडली होती: धान्य बदलले की साअचे वजन बदलते, तेव्हा आधार मापाचाच घ्यावा. हनफी ग्रंथांतली तोड मला त्याहून चतुर वाटते. ज्यात 1040 दिरहम वजनाचे मूग किंवा मसूर मावतात, तो साअ. हेच दाणे का, तर त्यांच्यात लहानमोठेपणा आणि हलकेजडपणा फारसा नसतो. म्हणजे वजन इथे भांडे पुन्हा घडवण्यासाठी वापरले आहे. एकदा भांडे हाती आले की त्यात जव भरा नाहीतर खजूर, काटा बाजूला ठेवता येतो. घनतेचे कोष्टक नसलेल्या काळात एका विश्वासू दाण्याला प्रमाण मानण्याची ही युक्ती आजच्या प्रयोगशाळेलाही परकी वाटू नये.

यावर एक भक्कम आक्षेप जुन्या चर्चेतच आहे. साअ आठ रतलांचा की पाच पूर्णांक एक तृतीयांश रतलांचा, यावर कूफा आणि मदिना यांच्यात वाद होता. रतल हे वजन, त्यामुळे दोन्ही पक्षांनी वजनच मानले होते, असा हा युक्तिवाद. खुद्द हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या नावावर वजनाच्या बाजूचे मत नोंदलेले आहे. त्यांचे शिष्य मुहंमद शैबानी मात्र मापाकडे झुकतात. पण दुसरे शिष्य अबू यूसुफ यांनी आठ रतलांचे मत सोडले ते कशामुळे? परंपरा सांगते, की मदिनेत लोकांनी वाडवडिलांपासून चालत आलेली मापे त्यांच्यासमोर आणून ठेवली. निकाल भांड्यांनी लावला. रतल ही तो निकाल सांगण्याची भाषा होती. आणि कोणते धान्य भरले हे सांगितल्याशिवाय ती भाषा अपुरीच राहते.

दुसरा आक्षेप आजचा आहे: गरिबाचे पोट वजनाने भरते, पोकळ जागेने नाही. हे खरे, पण याच वाटेने गेले तर वजनावर तरी का थांबावे? पोषण मोजा, मग बाजारभाव मोजा. मापाचा गुण असा, की घेणाऱ्याला ते डोळ्यांनी पारखता येते. काटा मात्र देणाऱ्याच्या दुकानात असतो. पायलीने धान्य घेतलेल्या माणसाला सपाट माप आणि शिगेचे माप यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही.

तरीही शहरात साअ शोधत कोण फिरणार? रूपांतर अटळ आहे, फक्त ते धान्यागणिक व्हावे. कोकणी मुसलमान शाफई. त्यांचा फित्रा मुख्य अन्नाचा, म्हणजे तांदळाचा. तिथे गव्हावरून काढलेला आकडा लावला तर माप थोडे अपुरे भरते, कारण तेवढ्याच भांड्यात तांदूळ गव्हापेक्षा जड भरतो. भाताचे उलट: तुसामुळे ते बरेच हलके. म्हणून बरेच शास्त्री आकडा वर ढकलून अडीच-तीन किलो सांगतात. घनता नक्की नसेल तेव्हा चूक कुणाच्या पदरात पडावी, हे भौतिकशास्त्र ठरवत नाही. ती देणाऱ्याच्या पदरात टाकणे हा नीतीचा निर्णय आहे. हनफी पंथात धान्याऐवजी किंमत दिलेली चालते, पण तिथेही सुटका नाही: बाजारात भाव किलोचा, कर्तव्य ओंजळीचे, आणि दोहोंच्या मध्ये घनता उभीच.