नकुलमातेने मोजलेल्या काळज्या



वर्षावासात आमच्या सोनगीरच्या विहारात सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपून मंडळी उठली, की एखादी भगिनी मागे रेंगाळते आणि पदराआडून एक पिशवी पुढे करते. पिशवीत दवाखान्याचे कागद असतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि पेशाने शिक्षिका. त्यामुळे वस्तीतले इंग्रजी कागद वाचून दाखविण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले आहे.

यंदा जिने पिशवी पुढे केली तिचे वय चाळिशीच्या आतले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, केमोही संपलेली. (हा शब्द आपण विहारात मोठ्याने उच्चारीत नाही, ‘छातीची गाठ’ म्हणून वेळ मारून नेतो. लाजेपोटी किती जणी उशिरा दवाखान्यात गेल्या असतील!) आता तिला दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली हार्मोनची सुई घ्यायची होती, आणि तीही काही वर्षे. मी म्हटले, एवढे सगळे सोसलेस, आता एका सुईचे काय? तेव्हा ती आपल्या अहिराणीत म्हणाली, “बाई, सुईनं भ्याव नही वाटत. सुईना आठ दिन पहिलेपासून मन्ही झोप उडी जास, तेनं भ्याव वाटस.”

मी शिकलेली बाई. लगेच उपदेश करू लागले. तथागतांनी सांगितलेला दोन बाणांचा दृष्टान्त तिला सांगितला. एक बाण शरीराला लागतो, त्याची वेदना होतेच. पण अज्ञानी माणूस त्या वेदनेवर शोक करीत बसतो व मनाला दुसरा बाण लावून घेतो. ज्ञानी माणसाला एकच बाण लागतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग दुसरा बाण मीच माले मारस का, बाई? म्हंजे चूक मन्हीच?”

त्या प्रश्नाने माझी बोलती बंद झाली. भगिनींनो, धम्मातला दृष्टान्त दुखणाईताच्या हाती औषध म्हणून द्यायचा असतो. आपण तो पुष्कळदा फटक्यासारखा वापरतो. जिच्या अंगावर शस्त्रक्रियेची खूण आहे, तिला ‘तुझी भीती हा तुझा दोष’ असे सांगितले, तर तो तिसरा बाण होतो आणि तो मारणारे आपण असतो. आपल्यापैकी पुष्कळांना दीक्षा घेऊन फार दिवस झालेले नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्हणजे भय वाटताच कामा नये, अशी आपली एक भाबडी समजूत असते. मग भय वाटले, की माणूस ते लपवितो. आणि लपविलेले भय मागच्या दाराने देवऋष्याकडे जाते. तिच्या सासूने कोनाड्यात अंगाऱ्याची पुडी ठेवली होतीच. शेजारीण तर म्हणून गेली, मागल्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपायचे.

या ‘भोगा’चे उत्तर आधी देऊन टाकतो. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला होता, की माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे होते असे काही जण म्हणतात, आपले मत काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट अशी कारणे एकेक करून मोजली. कर्म हे त्या आठांतले केवळ एक होते. सगळेच पूर्वकर्मावर टाकणारे लोक अनुभवाला सोडून बोलतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाबासाहेबांनी तर आपल्या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाची म्हणून स्वीकारलीच नाही. तेव्हा गाठ का झाली, याचा जाब त्या भगिनीकडे मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता सुईकडे येऊ. पुष्कळसे भय नावातूनच आलेले होते. गायीम्हशींना पान्हा सुटावा म्हणून काही लोक चोरून टोचतात तेही हार्मोनच. तेव्हा आपल्याला दाढीमिशा फुटतील की काय, अशी तिला धास्ती. वस्तुस्थिती उलटी आहे. या सुईने अंगात हार्मोन घातले जात नाही, ते बनणे थांबविले जाते. स्तनाच्या काही कर्करोगांच्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसतात. गाठीच्या तपासणीत तसे दिसले तरच हा उपचार देतात. पाळी चालू असलेल्या बाईच्या शरीरात हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होते, आणि ते तयार करण्याचा हुकूम मेंदूखालच्या एका लहानशा ग्रंथीकडून सुटतो. पहिले दोन-तीन आठवडे सुईने ते थोडे वाढते, मग तो हुकूमच बंद पडतो. पाटाचे दार लावले की शेतातले तण पाण्यावाचून सुकते, तसे समजा.

ही वाट फार जुनी आहे. १८९६ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनाची गाठ आक्रसते, असे दाखविले. त्या काळी त्यासाठी पोट फाडावे लागे आणि गेलेले परत येत नसे. ग्रंथीला हुकूम देणारे मेंदूतले रसायन १९७१ साली उलगडले. त्या संशोधनात अग्रभागी असलेल्या शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच ही सुई निघाली. ती थांबविल्यावर, विशेषतः वय लहान असेल तर, पाळी पुन्हा सुरू होऊ शकते.

आणि संप्रेरकाच्या सुईचे म्हणाल, तर बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, त्यांना इन्शुलिनची सुई देत असत. इन्शुलिन हेही संप्रेरकच. तिथे जे कमी पडे ते घालायचे होते, इथे जे चालू आहे ते थांबवायचे आहे. ज्या वर्षांत ते सुया घेत होते, त्याच वर्षांत ते आपण विहारात वाचतो तो ग्रंथ लिहीत होते.

हे सगळे ऐकून तिची झोप परत आली, असे मात्र झाले नाही. माहितीने नावाचे भय गेले, सुईचे उरले. तिची सुई नेहमीपेक्षा जाड असते, कारण तिच्यातून औषधाची एक बारीक कांडी कातडीखाली सोडतात. जागा बधिर करण्याचे मलम मिळते. ते मागायला लाजू नये. सुई टोचतेवेळी डोळे मिटून आलेला श्वास आला, गेलेला गेला, एवढेच जाणत राहावे. आनापानसती शिकलेल्यांना हे नवे नाही. चार-पाच श्वासांत काम होऊन जाते.

पण एक गोष्ट मला तिच्याकडूनच शिकायला मिळाली. दोन-तीन सुया झाल्यावर ती रात्री घामाने भिजून उठू लागली, अंगातून वाफा निघाल्यागत होई, सांधे धरत, आणि पोरांवर उगाच खेकसून मग रडू येई. घरचे म्हणत, मन कमजोर झाले. मीही तसेच समजत होते. डॉक्टरांनी सांगितले, की हे औषधाने होते. पाळी अकाली थांबली की शरीर असे वागते, झोप मोडते, मन उदास होते. त्यावर उपाय असतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणूनही लक्ष ठेवावे लागते. म्हणजे ज्याला आम्ही मनाचा दुसरा बाण समजत होतो, तो बराचसा शरीराचाच, पहिला बाण होता! भगिनींनो, कोणता बाण कुठला हे न पाहता ‘मन आवर’ म्हणणे ही प्रज्ञा नव्हे. डॉक्टरांना सांगण्याच्या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, आणि त्रास होतो म्हणून सुईची तारीख परस्पर चुकवू नये.

उरलेला बाण कसा काढावा, हे मला नकुलमातेच्या कथेत सापडले. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता व नकुलमाता हे गृहस्थ दांपत्य राहत होते. नकुलपिता फार आजारी पडला. नकुलमाता त्याच्या उशाशी बसली. ‘भिऊ नका’ एवढे म्हणून ती थांबली नाही. तुमच्या मनात अमुक काळजी असेल, असे म्हणत तिने एकेक काळजी नाव घेऊन बाहेर काढली. आपल्यामागे मुलांचे कसे होईल? मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. ही दुसरे घर करील का? नाही. हिचे शील सुटेल का, हिची धम्मावरची श्रद्धा ढळेल का? नाही. नकुलपित्याचे दुखणे हटले, आणि काठी टेकीत तो भगवंतांच्या दर्शनाला गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले.

या कथेत आजारी पुरुष आहे आणि धीर देणारी बाई. आमच्या वस्तीत पारडे उलटे होते, आणि म्हणूनच मी ती कथा तिच्या नवऱ्यालाच वाचायला दिली. तो सोनगीर फाट्यावर हमाली करतो, वाचन जेमतेम. दोन दिवस पुस्तक त्याच्याकडे होते. तिसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, तुझ्या मनात काय काय असेल ते मी बोलतो, चुकले तर सांग. सुईचा खर्च? फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला मी विचारीन. धुळ्याला जायच्या दिवशी पोरांचे जेवण? भाकरी आई टाकील. मग तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी खाली मान घालून म्हणाला, तुझ्या अंगाकडे मी पहिल्यासारखे बघत नाही, असे तुला वाटत असेल. ती म्हणाली, हो, वाटते. तिने मला सांगितले, की आठ दिवस आधीपासून जी झोप उडत होती ती याच एका वाक्यापायी; सुई हे निमित्त होते.

त्याने काय उत्तर दिले ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढच्या सुईच्या दिवशी दोघे सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेली. सासूने भाकरी टाकल्या. अंगाऱ्याची पुडी अजून कोनाड्यात आहे. म्हातारीला तिचा धीर वाटतो, आणि तिची काळजी अजून कोणी मोजलेली नाही. पौर्णिमेला मी तिच्याकडे जाऊन बसणार आहे.