कॉफीने दारू उतरते काय?

काही वर्षांपूर्वी सिकंदराबादेत एका लग्नाच्या स्वागत समारंभात घडलेली ही गोष्ट आहे. आमच्या मंडळीतला एक तरुण बाहेर मित्रांबरोबर पिऊन आला होता. तोंडाला वास येत होता, शब्द अडखळत होते. पाळकसाहेबांच्या व नव्या व्याह्यांच्या नजरेस पडण्याआधी त्याला घरी पाठवावे, असे आम्हा वडीलधाऱ्यांना वाटले. मीच पुढे होऊन त्याला दोन पेले कडक काळी कॉफी पाजली. अर्ध्या तासाने तो तरतरीत दिसू लागला. “आता उतरली,” असे आम्ही एकमेकांना म्हणालो आणि स्कूटरची किल्ली त्याच्या हाती दिली. टँक बंडवर स्कूटर दुभाजकाला धडकली व त्याचा पाय मोडला. जीव वाचला, ही देवाची दया.

त्या रात्री दोषी कोण, तो की मी? हा प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्या हैदराबादेत चहा हे पुष्कळ गोष्टींवरचे औषध आहे. डोके दुखले, चहा. पाहुणा आला, चहा. भांडण मिटले, तरी इराणी हॉटेलात चहा. म्हणून दारूवरही चहा-कॉफीचा उतारा चालत असेल, असे आपण सहज धरून चालतो. पण वैद्यकशास्त्र निराळेच सांगते. दारू शरीरातून मुख्यतः यकृत काढून टाकते, आणि ते काम त्याच्या ठरलेल्या गतीनेच होते. तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क, एवढाच त्याचा वेग. ३० मिलिलिटर व्हिस्कीच्या लहान पेगात सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे चार पेगांना चार तास, किंबहुना अधिकच. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

मग तो तरुण तरतरीत कसा दिसला? आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व थकव्याची जाणीव करून देते. कॉफी, चहा व एनर्जी ड्रिंक यांतील कॅफीन त्या द्रव्याची वाट अडवते. त्यामुळे झोप पळते, पण दारू रक्तात तेवढीच राहते. नजरेचा अंदाज चुकतो, हात उशिरा हलतो, आणि तरीही मनाला वाटते, मी ठीक आहे. ग्लानी ही देवाने ठेवलेली राखणदार आहे. ‘पुरे, आता आडवा हो’ असे ती सांगते. आपण कॉफी पाजून चोराला हाकलले नाही, राखणदाराचे तोंड बांधले.

हल्ली काही तरुण हे मिश्रण मुद्दामच करतात. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू ओतली की उशिरापर्यंत जागता येते, आणि झिंग कमी वाटल्यामुळे माणूस अधिक पितो. अमेरिकेत तर दोन्ही एकत्र घातलेले डबेच विकले जात. नोव्हेंबर २०१० मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा चार कंपन्यांना ताकीद दिली की, दारूत घातलेले कॅफीन सुरक्षित मानता येत नाही. आपल्या देशात पिऊन वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे. पोलिसांचे यंत्र श्वासातला मद्यार्क मोजते, डोळ्यांतली तरतरी मोजत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडल्याची हकिगत आहे. हामाने ते पाहून बाहेर भावांना सांगितले. शेम व याफेथ मात्र पाठमोरे चालत आत गेले आणि त्यांनी बापावर वस्त्र घातले. लाज झाकणे हे प्रेमाचेच काम होते. परंतु त्यांनी बापाला हलवून उठवले नाही, किंवा शहाणा दिसावा म्हणून लोकांपुढे उभे केले नाही. त्यांनी त्याला झोपू दिले, आणि नशा उतरल्यावर तो आपोआप जागा झाला.

आम्हीही लाज झाकली, पण कोणाची? त्याची नव्हे, आमची. तो घरी सुखरूप पोहोचावा यापेक्षा तो तेथून दिसेनासा व्हावा, हीच आमची घाई होती. त्या दोन पेल्यांनी तो शुद्धीवर आला नाही. आमची सद्सद्विवेकबुद्धी तेवढी शांत झाली. प्यायला तो, हे खरे, आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. पण किल्ली ज्याने दिली तो तर पूर्ण शुद्धीत होता. ज्याची शुद्ध अधिक, त्याची जबाबदारीही अधिक नाही काय? पिऊन वाहन चालवताना सापडलेल्यांना आपल्या शहरात समुपदेशनासाठी बोलावताना पोलिसांनी घरच्या माणसांनाही बरोबर बोलावले आहे. त्यात मला मोठा अर्थ दिसतो.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. ‘दारू पिऊ नका’ हे आपण शिकवतोच, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण मोठ्या वर्गातील मुलांना हेही सांगा की, जागे असणे आणि शुद्धीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि असा कोणी आपल्या दारी आला, तर उपदेश सकाळपर्यंत राहू द्या. किल्ली काढून आपल्या खिशात ठेवा, त्याला पाणी द्या, अंथरूण घाला, कुशीवर निजवा आणि कोणीतरी जवळ बसा. हाक मारूनही तो उठेना किंवा श्वास मंद झाला, तर लाज बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

तो तरुण आजही किंचित लंगडत उपासनेला येतो. मला त्याने कधी दोष दिला नाही. मीच त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि निघताना त्याच्या आईने माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला.